उघडी किट कार कमी पाण्यात कशी स्वच्छ करावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात कॅटरहॅम, वेस्टफील्ड किंवा त्याच घाटाची गाडी बाळगणारी मराठी माणसं थोडीच आहेत, पण आहेत. उन्हाळा लागला आणि पाणीटंचाईमुळे पाणी कंपन्यांनी होजपाइपवर बंदी आणली की त्यांचे प्रश्नही साधारण तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ती केंटमधलं पाणी आणि रस्ते डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. स्कॉटलंडात राहणाऱ्यांनी जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्याचा भाग खुशाल गाळावा.

यात कुठल्या गाड्या धरल्या आहेत?

लोटस सेव्हन आणि तिच्या वंशातल्या. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये ती बाजारात आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागे, सुटे भाग घेतले तर तो वाचे. म्हणून लोक खोक्यांतून भाग आणून घरच्या गॅरेजात गाडी जोडत. १९७३ मध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क लोटसकडून कॅटरहॅमकडे आले. कर वाचेना, तरी जोडायची हौस काही गेली नाही; कॅटरहॅम आजही किट विकते.

धुण्याच्या दृष्टीने तिची रचना लक्षात घ्यायची. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रिव्हेट मारून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड बहुधा फायबरग्लासची. नेहमीच्या अर्थाने दारं नाहीत, छप्पर असलंच तर टिचबटणांवर ताणलेलं. पुढचं सस्पेन्शन उघड्यावर, सायलेन्सर बहुतेक गाड्यांत कुशीला. चारचौघांच्या गाडीत जे झाकलेलं असतं ते इथे बाहेर आहे, आणि जे बाहेर असतं ते इथे नाहीच.

होजने किंवा प्रेशर वॉशरने धुतली तर बिघडतं काय?

एकदा धुतल्याने बहुधा काहीच नाही. पण दर रविवारी तेच केलं तर पाणी जिथे जायला नको तिथे जातं आणि तिथेच बसतं.

बॉनेटवर हवा बाहेर पडायला लूव्हरच्या फटी असतात. त्यांतून आलेलं पाणी थेट इंजिनावर, बॅटरीवर आणि वायरिंगच्या जोडांवर पडतं. ट्विन कॅम इंजिनात स्पार्क प्लग खोल विहिरीत बसलेले असतात. त्यांत पाणी साचलं की गाडी तीन सिलिंडरवर खोकायला लागते. सस्पेन्शनच्या रोझ जॉइंटमध्ये, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्यात, बारीक अस्तर असतं. प्रेशर वॉशर त्यात धूळ घुसवतो आणि सांधा पुढच्या वर्षी खडखडायला लागतो. फायबरला आधीच बारीक तडा असेल तर जोरदार धारेने तिथला रंग उचलला जातो.

सगळ्यात वाईट ते दिसत नाही. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना भिडतात तिथे ओल राहिली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, आणि त्या ओलीत मीठ असेल तर फारच भराभर. रिव्हेटांच्या रांगेभोवती रंगाला बारीक फोड आलेले दिसले की समजावं, आत पांढरी भुकटी तयार होते आहे.

तेव्हा कमी पाण्याची पद्धत ही बंदीच्या दिवसांतली तडजोड नाही. या गाडीला ती एरवीही जास्त मानवते, फक्त एक अट आहे: गाडीवर कच, म्हणजे वाळूचे दाणे, असेल तर फडकं लावायचं नाही. खालची बरीचशी उत्तरं याच एका अटीभोवती फिरतात.

होजपाइप बंदीत गाडी धुता येते का?

येते, बादलीने. बंदी होजवर असते, गाडी धुण्यावर नसते. नळाला जोडलेला प्रेशर वॉशरही होजमध्येच मोडतो. बंदी मोडली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पावसाच्या पाण्याच्या पिंपाला जोडलेली नळी मात्र चालते, कारण ते पाणी कंपनीचं नाही. सवलतींची यादी प्रत्येक पाणी कंपनीची थोडी वेगळी असते, ती त्यांच्या वेबसाइटवर वाचून घ्यावी.

२०२२ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०२५ च्या उन्हाळ्यात केंट आणि ससेक्सने ही बंदी अनुभवली. गाडीचं छप्पर काढून फिरायचे जे काही मोजके महिने या देशात मिळतात, बंदी नेमकी त्यांतच येते.

‘वॉटरलेस’ आणि ‘रिन्सलेस’ यांत फरक काय?

वॉटरलेस म्हणजे बाटलीतला फवारा मारायचा आणि पुसायचं, बादली नाही. रिन्सलेस म्हणजे बादलीभर पाण्यात थोडंसं द्रावण घालून ओल्या फडक्याने पुसायचं, मागून धुवायचं नाही. दोन्हींत असे पदार्थ असतात जे धुळीच्या कणाला वेढून घेतात आणि रंगावरून घसरायला मदत करतात. साध्या कार शाम्पूत ते नसतात. शाम्पू न धुता वाळला तर डाग राहतो.

नुसती गॅरेजमधली धूळ असेल तर वॉटरलेस पुरतं. रस्त्यावर चालवलेल्या सेव्हनला मी ते वापरत नाही. पुढची चाकं उघडी असतात आणि त्यांच्यामागे लगेच बॉडी सुरू होते, त्यामुळे चाकाने उडवलेली वाळू थेट कुशीवर बसते. तिथे भरपूर ओलं फडकंच हवं.

पाणी किती लागतं?

बादलीत सहा ते आठ लिटर आणि फवारणीच्या पंपात दीड-दोन लिटर. गाडी लहान आहे, छप्पर धुवायचं नाही, मागे डिकीचं झाकण नाही. उघडी होज तासाला हजार लिटरपर्यंत पाणी ओतू शकते. पंधरा मिनिटांचा हिशेब मनातल्या मनात करावा.

गाडी पुसण्याइतकी मळली आहे की धुण्याइतकी, हे कसं ओळखायचं?

पुढच्या चाकाच्या मागे, बॉडीच्या खालच्या काठावर बघायचं. हात फिरवायचा नाही, नुसतं बघायचं. ऊन नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा. करड्या रंगाचा सपाट थर दिसला तर ती धूळ आहे, रिन्सलेस चालेल. सुटे सुटे दाणे दिसले, त्यांच्या छोट्या सावल्या पडल्या, तर ती वाळू आहे. आधी पंपाने द्रावण मारून पाच मिनिटं थांबायचं, खाली ओघळू द्यायचं, पुन्हा मारायचं आणि मग पुन्हा टॉर्च. दाणे अजून असतील तर आणखी एक फेरी.

वाळलेला चिखल असेल, शेताकडेच्या रस्त्याने आल्यावर असतो तसा, तर त्या दिवशी फडक्याचं कामच नाही. झारीने पाणी घालून तो भिजवायचा आणि सुटू द्यायचा. झारी बंदीतही चालते. मडगार्डच्या आतली बाजूही तशीच भिजवावी, नाहीतर तिथलं ढेकूळ भर कामात पत्र्यावर गळतं.

एक जागा हमखास निसटते. ब्रिटनमध्ये घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए तपासणी होते. बाहेरच्या कडा टोकदार नसाव्यात असा त्यात नियम आहे, म्हणून लोक पत्र्याच्या काठांवर रबराची पट्टी बसवतात. ती पट्टी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत वर्षभराची वाळू जमते. पुसताना फडकं पट्टीला लागतं, वाळूचे चार दाणे उचलतं आणि पुढच्या हातभर रंगावर रेघ ओढत जातं. पट्टीच्या काठाने आधी मऊ ब्रश फिरवावा आणि मगच फडकं.

सामान काय काय लागतं?

रिन्सलेस द्रावण. ऑप्टिमम नो रिन्स हे जुनं आणि सहज मिळणारं, प्रमाण १:२५६, म्हणजे आठ लिटरला साधारण ३० मिलि. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर त्या बाटलीवरचं प्रमाण पाहावं. जास्त घातलं की जास्त स्वच्छ होतं असं नाही. उलट चिकट थर राहतो आणि तो पुसण्यात अर्धा तास जातो.

मायक्रोफायबरची आठ-दहा फडकी, ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम), शक्यतो बिनशिवणीच्या काठांची. वाळवायला एक मोठं, जाड फडकं. चाकांसाठी आणि सायलेन्सरजवळच्या भागासाठी जुनी, वेगळ्या रंगाची फडकी, म्हणजे घोळ होत नाही. हाताने हवा भरायचा फवारणीचा पंप. दोन मऊ ब्रश. रंगकामाचा साधा ब्रशही चालतो, पण त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तीच रंगाला लागते.

पानं उडवायचा छोटा बॅटरीवरचा ब्लोअर असेल तर सोन्याहून पिवळं. चैनीची वस्तू वाटेल, पण टिचबटणं, हेडलाइटचे खांब आणि लूव्हर यांत अडकलेलं पाणी तोच काढतो.

स्नो फोम, म्हणजे गाडीवर फवारायचा दाट फेस, घेऊ नका. तो धुवायला पुन्हा होज लागते.

कामाचा क्रम कसा ठेवायचा?

गाडी सावलीत, इंजिन आणि ब्रेक थंड. सायलेन्सर कुशीला आहे हे विसरून गुडघा टेकणाऱ्यांच्या पोटरीवर त्याची खूण उमटलेली असते. तापलेल्या ब्रेकच्या चकतीवर गार पाणी मारणंही बरं नाही. फेरफटक्याहून आल्यावर तासभर तरी थांबावं. सेव्हनवाले अशा फेरफटक्याला ‘ब्लॅट’ म्हणतात. ब्लॅट जितका जोरात तितका चहाही निवांत घ्यावा.

अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, पुढे चेन असलेलं जॅकेट, सगळं काढून ठेवायचं. ही गाडी कमरेखाली आहे. पलीकडे हात पोचवायला तुम्ही तिच्यावर ओणवे होणार, आणि बरेचसे ओरखडे धुळीचे नसून बकलाचे असतात.

आता फडकी. सगळी स्वच्छ फडकी एकदमच बादलीत भिजत टाकायची. एक काढायचं, हलकं पिळायचं, पाणी टपकत राहील इतपतच. त्याची घडी घालायची आणि परत घडी, म्हणजे दोन्ही बाजू धरून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एका पॅनेलला आधी पंपाने द्रावण मारायचं. मग फडक्याची एक बाजू एकाच दिशेने, दाब न देता, एकदा ओढायची. गोल गोल नाही, पुढे-मागे नाही. बाजू बदलायची, शेजारचा पट्टा. आठही बाजू संपल्या की फडकं बाजूच्या टोपलीत, आणि ते परत बादलीत जात नाही. पद्धतीचं सगळं मर्म इथे आहे: बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, म्हणून कच परत रंगावर येत नाही.

क्रम वरून खाली. पहिल्यांदा समोरची काच आणि तिची चौकट, मग स्कटल (काच आणि बॉनेट यांच्यामधला पत्रा), बॉनेट, मागचा वरचा भाग, मग कुशी, मागची मडगार्ड, आणि बॉडीत नाक सर्वांत शेवटी. मागच्या मडगार्डच्या पुढच्या तोंडावर दगडांचा मारा बसतो, तिथे काळी संरक्षक पट्टी किंवा पारदर्शक फिल्म असते. फिल्मच्या कडेकडून मधे पुसलं तर कड उचलली जाते, म्हणून मधून कडेकडे पुसावं.

प्रत्येक पॅनेल पुसल्यावर लगेच वाळवायचं. फायबर ऊन धरून ठेवतं आणि द्रावण पटकन वाळतं, त्यामुळे अख्खी गाडी ओली करून मग वाळवायला घेणं इथे जमत नाही. वाळवताना मोठं फडकं पसरून ठेवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही.

बॉनेट काढून साफ करावं का?

दोन-तीन धुण्यांतून एकदा जरूर. कॅटरहॅमचं बॉनेट बिजागरीवर नसतं. बाजूच्या क्लिपा सोडल्या की अख्खंच हातात येतं. हलकं असतं आणि पातळही. दोघांनी उचलावं, गवतावर जुनी चादर अंथरून तिच्यावर ठेवावं. भिंतीला टेकवून उभं करू नये, वाऱ्याची एक झुळूक पुरते.

उलटं केलं की प्रत्येक लूव्हरच्या आतल्या ओठावर तेलकट काळी रेघ दिसेल. गाडी चालताना गरम हवा तिथून बाहेर पडते आणि तेलाचा बाष्पांश तिथेच ठेवून जाते. ती रेघ बाहेरून पुसून कधी जात नाही. बाहेरून पुसत राहिलं तर दर वेळी फटीच्या टोकाशी करडा डाग पसरतो. आतून, ब्रश द्रावणात बुडवून, एकेक फट. सेव्हनच्या स्वच्छतेत सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि सगळ्यात जास्त फरकही यातच दिसतो.

बॉनेट निघालेलं आहे तोवर इंजिनाकडे नजर टाकून घ्या. पाणी नको. आधी मास्टर स्विच बंद करा, मग कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि ओलसर फडक्याने नळ्या नि झाकणं पुसा. हवेचा फिल्टर फोमचा असेल आणि उघडा असेल तर आधी प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि नंतर आठवणीने काढा.

बिनरंगाच्या ॲल्युमिनियमला हीच पद्धत चालते का?

पद्धत तीच, द्रावण जपून. ॲल्युमिनियमला आम्ल सोसत नाही आणि तीव्र अल्कलीही सोसत नाही. ट्रॅफिक फिल्म रिमूव्हर, ओव्हन क्लीनर, चाकांचं आम्लाचं क्लीनर, स्वयंपाकघरातलं तेल काढायचं स्प्रे, यांतलं काहीही पत्र्यावर पडलं तर ढगासारखा पांढरट किंवा काळपट डाग पडतो. तो धुऊन जात नाही, पॉलिश करूनच काढावा लागतो. रिन्सलेस द्रावणं बहुधा सौम्य असतात, तरी स्टेपनीमागच्या कोपऱ्यात आधी करून पाहावं.

पत्र्याला रोलिंगच्या वेळची दिशा असते, जवळून बारीक समांतर रेघा दिसतात. पुसायचं त्या रेघांच्या दिशेने. आडवं पुसलं तर प्रत्येक ओरखडा उन्हात वेगळा चमकतो.

ऑटोसॉलसारख्या धातूच्या पॉलिशने पत्रा आरशासारखा करता येतो. फडकं काळंकुट्ट होतं. ती घाण नाही, तो निघालेला धातू आणि त्याचा ऑक्साइड आहे. म्हणूनच दर महिन्याला पॉलिश करणं मला पटत नाही. वर्षातून एकदा करावं आणि वर संरक्षक थर द्यावा. मंद, राखाडी झालेला पत्राही सुंदर दिसतो, पण या मुद्द्यावर सेव्हनवाल्यांचं एकमत कधी होणार नाही.

बोटांचे ठसे मात्र लगेच पुसा. घामात मीठ असतं.

फायबरच्या नाकाला आणि मडगार्डना वेगळं काही लागतं?

आधी ते रंगवलेले आहेत की जेलकोटचे, ते पाहा. जेलकोटमध्ये रंग साच्यातच मिसळलेला असतो, वरून मारलेला नसतो. तो रंगापेक्षा बराच जाड असतो, त्यामुळे किरकोळ ओरखडे पॉलिशने निघतात. पण उन्हाने तो खडूसारखा फिका पडतो, लाल सगळ्यात आधी. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर घाबरू नका, वरचा मेलेला थर निघतो आहे. पॉलिश, मग मेण, आणि मेण संपलं की पुन्हा मेण. मेण असलेल्या जेलकोटवर धूळ घट्ट बसत नाही, पुढच्या वेळी पाणीही आणखी कमी लागतं.

छपराच्या आणि साइडस्क्रीनच्या (दारांऐवजी बाजूला लावायच्या पडद्यांच्या) प्लास्टिक काचा धुरकट का होतात?

कोरडं पुसल्यामुळे आणि चुकीच्या स्प्रेमुळे. या काचा मऊ विनाइलच्या असतात. नुसतं नख लागलं तरी वळ उठतो. अमोनिया असलेला घरगुती ग्लास क्लीनर त्यांना कडक आणि पिवळं करतो. मोठ्या काचेऐवजी ॲक्रिलिकची छोटी एरोस्क्रीन असेल तर अल्कोहोल आणि टार काढायची द्रावणंही लांब ठेवा, आत कोळिष्टकासारखे बारीक तडे जातात.

यांच्यासाठी नवं फडकं, भरपूर रिन्सलेस पाणी आणि फक्त फडक्याचं स्वतःचं वजन. छप्पर थंडीत गुंडाळू नका, थंड विनाइल घडीवर चिरतं. ओलं गुंडाळलं तर बुरशी धरते. टिचबटणं ओढून काढू नका, बटणाच्या बुडाशी बोट घालून उचला.

आतला भाग पाण्याने पुसता येतो?

ओलसर फडक्याने हो, बादलीने नाही. डॅशवरचे स्विच पाणबंद नसतात. दोन सीटमधल्या उंचवट्यावरच्या फटीतून गेलेलं पाणी खाली नळ्यांवर बसतं. आधी व्हॅक्यूम, पायाशी असलेल्या खड्यांसाठी अरुंद नळी. हार्नेसचे, म्हणजे सीटबेल्टचे, पट्टे मळले तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, सावलीत वाळवायचे. ब्लीच किंवा पेट्रोल लावलं तर धागा कमजोर होतो आणि ते वरून दिसत नाही. जीव त्या पट्ट्यावर असतो.

चाकं, ब्रेक आणि सस्पेन्शन?

चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्यांनी, उरलेल्या बादलीत. ब्रेकची भुकटी फार जमली असेल तर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण. तो जांभळा होत ओघळतो आणि सडक्या अंड्याच्या जवळपास जाणारा वास सोडतो, तेव्हा मोकळ्या हवेत मारा. लॅकर नसलेल्या अलॉयवर आधी मागच्या बाजूला थेंबभर लावून बघा, आणि बॉडीच्या उघड्या ॲल्युमिनियमवर जाऊ देऊ नका.

विशबोन, म्हणजे चाक धरणारे सस्पेन्शनचे हात, ओल्या फडक्याने पुसा आणि पावडर कोटिंगला टवके गेलेत का ते तेव्हाच बघा. रोझ जॉइंटवर डिग्रीझर मारू नका, फक्त कोरड्या ब्रशने झाडा.

टायरला चमक आणणारा लेप लावू नका. चाक उघडं आहे. पहिल्या मैलातच तो लेप कुशीवर ठिपक्याठिपक्यांनी उतरतो.

काम झालं की दहा मिनिटं चालवून आणा, सुरुवातीला ब्रेक हलके दाबत, म्हणजे चकत्या कोरड्या होतात.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असतं तेव्हाही कमी पाणी पुरतं का?

नाही. इथे मी पाण्याच्या बाजूने आहे. मीठ पुसून जात नाही, ते विरघळवून वाहून न्यावं लागतं. हिवाळ्यात बंदी सहसा नसतेच, तेव्हा होजला बारीक फवारा लावून, जोर न देता, खालचा सांगाडा, मडगार्डच्या आतला भाग आणि सस्पेन्शन कोमट दिवशी धुऊन घ्यावं. जोर नको, वेळ द्यावा. वरचा भाग मग नेहमीसारखा रिन्सलेस. थंडी सुरू होण्याआधी सांगाड्याला आणि जोडांना एसीएफ-५० सारखं गंजरोधक मारून ठेवलेलं असलं तर मीठ तितकं धरत नाही. ब्रेकच्या चकत्यांवर ते उडणार नाही हे बघा.

पुष्कळजण नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवतात ती मार्चपर्यंत. मळक्या गाडीवर मात्र कव्हर घालू नका. वाऱ्याने कव्हर हलतं आणि खालची धूळ रंगावर घासत राहते.

वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. द्रावण खराब आहे का?

पाणी जड आहे. केंट, सरे, लंडन हा सगळा चुनखडीचा पट्टा. किटलीत जे साचतं तेच बॉनेटवर साचतं. रिन्सलेस द्रावण थोडं सांभाळून घेतं, पण गडद निळ्या नि काळ्या गाडीवर ठिपके दिसतातच. पावसाचं पाणी पिंपात धरून, जुन्या साडीच्या कापडातून गाळून वापरलं तर प्रश्नच मिटतो. सहा-आठ लिटरच लागत असल्यामुळे ऑटो पार्ट्सच्या दुकानातलं डीआयोनाइज्ड पाणीही परवडतं. होजने धुणाऱ्याला ही चैन जमणार नाही.

ठिपके जुने झाले असतील तर रंगावर पातळ पांढरं व्हिनेगर चालतं. उघड्या ॲल्युमिनियमवर नाही.

नाकावर चिकटलेले किडे आणि पाखरांची घाण?

किडे खरवडायचे नाहीत. द्रावणात भिजवलेलं फडकं नाकावर पाच-दहा मिनिटं पट्टीसारखं ठेवा, मग उचला. उरले तर पुन्हा ठेवा. पाखरांची घाण दिसली की त्याच दिवशी काढावी, उन्हात ती रंग खाते. त्यात बियांचे नि वाळूचे कण असतात, म्हणून तीही भिजवूनच. गाडीत छोटी स्प्रे बाटली आणि एक फडकं ठेवलं की पबच्या पार्किंगमध्येही काम भागतं.

रस्त्यावरच्या हँड कार वॉशला दिली तर?

देऊ नये. तिथे वेळ कमी असतो, म्हणून फवारा तीव्र असतो आणि त्यानंतर प्रेशर वॉशर. एकच स्पंज दिवसभर सगळ्या गाड्यांवर फिरतो. वर तुमच्या गाडीला दारं नाहीत हे फवारणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत सीट भिजलेली असते. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशबद्दल तर बोलायलाच नको, हेडलाइट खांबांवर आहेत.

आपल्याकडे सोसायटीत गाडी रोज सकाळी पुसतात. तसं रोज हलकं पुसत राहिलं तर एवढा खटाटोप लागणार नाही ना?

हा प्रश्न पुण्या-मुंबईहून आलेले आईबाबा हमखास विचारतात, आणि मदत म्हणून सकाळी उठून फडकं मारतातही. प्रेमाने थांबवावं. एका बादलीत दहा गाड्यांचं फडकं बुडवून पुसलं की ते पॉलिशपेपर होतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सोसायटीतल्या कुठल्याही काळ्या गाडीचं बॉनेट बघा, गोल गोल जाळं दिसेल. धुळीची गाडी धुळीचीच उभी राहिली तर तिला काही होत नाही. होतं ते पुसल्याने.

बाबांना हात लावायचाच असेल तर टायरमधली हवा बघायला द्या.

उरलेलं पाणी कुठे ओतायचं?

गवतावर किंवा खडीवर. रस्त्याकडेच्या जाळीत नाही. बहुतेक ठिकाणी त्या जाळीतलं पाणी प्रक्रिया न होता थेट ओढ्यात नि नदीत जातं, आणि ‘जैवविघटनशील’ असं छापलेलं द्रावणही माशांना लगेच मानवत नाही. चाकांचं पाणी, ज्यात ब्रेकची भुकटी आणि आयर्न रिमूव्हर आहे, ते घरातल्या सांडपाण्याच्या मोरीत.

फडकी कशी धुवायची?

वापरल्या दिवशीच, वाळू देऊ नका. आधी बादलीत खळबळून वाळू काढा, मग मशीनमध्ये ४० अंशांवर द्रव डिटर्जंटने. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो धाग्यांवर मेणासारखा बसतो आणि फडकं पाणी प्यायचं थांबतं. सुती टॉवेलांबरोबर टाकू नका, त्यांचे तंतू चिकटतात. चाकांची आणि पॉलिशची वेगळी, शक्यतो हातानेच. वाळवायला दोरी उत्तम. ड्रायर वापरलाच तर मंद आचेवर. जमिनीवर पडलेलं फडकं, कितीही स्वच्छ दिसलं तरी, त्या दिवशीपासून चाकांच्या ढिगात टाकायचं.